लोकांनी मला उचलून धरलं

१५ ऑगस्ट २००३
ग्रामसभा तहकूब. कोरमला शंभर माणसं लागतात, आली विसेक. त्यातली काही गोळ्या वाटून झाल्यावर उठली. दोष माझा नाही. खैरपाडा गट ग्रामपंचायत म्हणजे सात पाडे, सात टेकड्यांवर सांडलेले. मुंबईत एवढी माणसं एका बिल्डिंगीत राहतात आणि जिन्यात सभा उरकतात.
सरपंच बाळीबाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, सभेचा सांगाया पाड्यावर कोन गेलता?”
मी म्हणालो, नोटीस लावली होती. कार्यालयाच्या दारावर.
त्या हसल्या. नवीन आहेत. ग्रामसेवक म्हणून त्यांना हळूहळू शिकवणं माझं कर्तव्य.
संकल्प: २ ऑक्टोबरची सभा खच्चून भरवणार.

१७ ऑगस्ट
जव्हारला घरी बसून प्लॅनिंग. नकाशावर सातही पाडे पेनने जोडले. छान गोल झाला. उंबरदरी सगळ्यात लांब, तरी नखाएवढंच अंतर. हर्षदाला दाखवलं. बायकोने कौतुक करावं एवढीच अपेक्षा. तिने विचारलं, मधे ह्या गिचमिड रेषा कसल्या? म्हटलं, उंचीच्या. “मग हा डोंगर आहे,” म्हणाली. नकाशा वाचायला ट्रेनिंग लागतं.

८ सप्टेंबर
उंबरदरीचा फागू आला. पाड्याला वेगळी ग्रामपंचायत हवी म्हणतो. शांतपणे समजावलं: त्याला लोकसंख्या लागते, तुमची दोनशेसुद्धा भरत नाही.
तो म्हणाला, “कशी भरंल? दुखनेकरी झोळीत घालून आनतो. वाटंतच जातात.”
त्याची भावजय याच पावसाळ्यात अशी गेली. बाळंतपणात. चहा मागवला. रस्त्याचा विषय ग्रामसभेत मांडा, असा सल्ला दिला.
“सभा हतं. आमी ततं,” म्हणाला आणि चहा तसाच ठेवून गेला.

९ सप्टेंबर
भावजयीचं नाव तरी विचारायला हवं होतं.

२८ सप्टेंबर
निर्णय! प्रत्येक पाड्यावर जातीने जाऊन आमंत्रण. जवळच्या तीन पाड्यांवर जातीने गेलो, म्हणजे शिपाई पोश्याला पाठवला. उंबरदरीला मात्र मी स्वतः. परवा तयारी, १ तारखेला मुक्काम, २ तारखेला पाड्यासकट परत. बाळीबाई म्हणाल्या, “पोश्याला संगं न्या, वाट निसरडी हाय.” नको म्हटलं. अधिकारी एकटा गेला की प्रभाव पडतो. नवे बूट घेतले.

१ ऑक्टोबर, उंबरदरी
प्रभाव पडला की नाही, माहीत नाही. मी पडलो. दरी उतरताना, शेवाळलेल्या दगडावरून, थेट ओहोळात. घोटा टम्म. गुरांमागच्या एका म्हाताऱ्याने आरोळी ठोकली, तेव्हा फागू आणि चौघे आले. फागूच्या आईने, लाडकीआजीने, कसलासा पाला वाटून बांधला आणि नागलीची भाकर पुढे केली.
“बाईल हाय का तुला?” तिने विचारलं.
आहे म्हटलं.
“मंग तिना सोडला कसा असा?”
नंतर फागूला भावजयीचं नाव विचारलं. “कमू,” म्हणाला.

२ ऑक्टोबर
ऐतिहासिक दिवस. कोरम पूर्ण! उंबरदरीने मला अक्षरशः उचलून धरलं: बांबूला घोंगडी बांधून. चढ आला की खांदेकरी बदलत होते, म्हणून जवळपास अख्खा पाडाच बरोबर निघाला. वाटेतल्या दोन पाड्यांना वाटलं कोणीतरी गेलं. तेही सामील झाले. मी जिवंत आहे कळल्यावरसुद्धा परत फिरले नाहीत, याला लोकप्रियता म्हणतात.
झोळीतून फक्त आभाळ दिसतं. बांबू करकरतो. माणसं दम लागला तरी बोलत नाहीत. मनात आलं, कमूच्या वेळी पाऊस होता. तिला आभाळही दिसलं नसेल.
पहिला ठराव, उंबरदरीचा रस्ता. एकमताने. दुसरा बाळीबाईंनी मांडला: रस्ता होईपर्यंत ग्रामसेवकाने उंबरदरीतच राहावं.
मी म्हणालो, मुख्यालय खैरपाड्याला आहे.
“ततं तरी कुठं ऱ्हाता? जव्हारला ऱ्हाता,” बाळीबाई म्हणाल्या.
सगळे हात वर. पोश्याचासुद्धा. सभेचा सचिव मी, त्यामुळे ठराव मीच लिहिला. अक्षर सुरेख आलं.

६ ऑक्टोबर
लंगडत बीडीओ साहेबांकडे गेलो. हा ठराव रद्द करता येईल, असं सुचवलं. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. एवढी माणसं सभेला आणलीत, आता त्यांचा मान राखा म्हणाले. हर्षदाने ट्रंक आधीच भरून ठेवली होती. समाजाला माझी गरज आहे, हे तिलाही पटलेलं दिसतं.

१० नोव्हेंबर, उंबरदरी
पाय, मग दिवाळी, मग सर्दी. अखेर आलो. फागूच्या शेजारचं झोपडं मिळालं. प्लॅन तयार: रोज सकाळी पाड्याची बैठक, रस्त्यासाठी श्रमदान, होळीच्या आत आदर्श पाडा. फागूला सगळं सविस्तर सांगितलं. तो विळा, कोयता, भांडी गोणीत भरत होता, पण मान हलवत होता.

१२ नोव्हेंबर
पहिली बैठक. हाका मारल्या. कोणी नाही. दारांना काट्या लावलेल्या. लाडकीआजी उन्हात बसली होती. भात झोडून झालं, सगळे पहाटे वसईकडे वीटभट्टीवर गेले म्हणाली. पोरंबाळं घेऊन. फागूसुद्धा. आता होळीलाच.
“तुला कोनी नाय नेला?” तिने विचारलं.
पाड्यावर सध्या आजी, दोन म्हातारे, कोंबड्या आणि शासन.
मी आता काय करू, असं मीच तिला विचारलं. “पानी आन,” म्हणाली आणि हंडा दिला. पाणी खाली ओहोळाला. चढ उभा. दुसरी खेप आणली तेव्हा आजीने हंड्यात डोकावून पाहिलं, हंडा माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः उतरायला लागली.
“ऱ्हाव दे, भाऊसाहेब,” म्हणाली. “तू सांडतोस.”