चिमटीची पेटी

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा! वरच्या मजल्यावरची ऐसपैस खोली, उजेडाच्या तीन खिडक्या आणि भिंतभर खण. खणांत चिमटीने वीस वर्षं रस्त्यांवरून वेचलेला खजिना: गंजलेल्या किल्ल्या, घड्याळांची चाकं, फुटक्या बश्यांचे तुकडे, जोडीदार हरवलेली कर्णफुलं. कलाशाळेत आम्ही एका बाकावर होतो. हातात सदा चिमटा, म्हणून ती चिमटी. लोकांच्या कचऱ्यातून ती असे हार आणि अशा शोभेच्या पेट्या करायची की बक्षीस तिला आणि टाळ्या वाजवायला मी. आता ती नाही, आणि तिची खोली मला भाड्याने मिळाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणा हवं तर!

घरमालकीण ही तिची आत्या, खालीच राहते. तिने एकच अट घातली: टेबलावरची चिमटीची अर्धवट पेटी मी पूर्ण करायची आणि प्रदर्शनात चिमटीच्याच नावाने ठेवायची. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

५ नोव्हेंबर
चिमटीबाईची शिस्त बघून हसू येतं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: कुठे सापडली, कधी, मालक कोण. मालक शोधत दारोदार हिंडायची. कुणी ‘माझं आहे’ म्हटलं की मुकाट्याने परत. कुणीच म्हटलं नाही, तरच वस्तू तिची. आणि हिच्या वस्तू चोरीच्या आहेत, असं निनावी पत्र मी प्रदर्शनाच्या निवड समितीला पाठवलं होतं! त्यांनी चौकशीसुद्धा न करता तिचं नाव काढून टाकलं. तिने अंथरूण धरलं ते धरलंच. मला वाईट वाटलं का? खरं लिहितो, नाही वाटलं. माझा जीव वीस वर्षं जळत होता, तिचा एक हिवाळा जळला.

९ नोव्हेंबर
तिचे तीन हार पकडीने तोडले. तारा कापताना काय बरं वाटलं! त्यांतून माझे दोन केले. टेबलावरच्या पेटीतलंही सगळं उचकटून काढलं आणि मागे माझं नाव कोरलं. सोळा कप्पे रिकामे झाले. भरीन सावकाश.

११ नोव्हेंबर
सकाळी पहिल्या कप्प्यात माझ्या सदऱ्याचं बटण. चिठ्ठी: ‘जिन्यात सापडलं. मालक:’ आणि पुढे कोरं. म्हातारीचा चावटपणा, म्हणून तरातरा खाली गेलो. ती म्हणाली, गुडघ्यांमुळे वर्षभर जिना चढलेले नाही. चिठ्ठीवरचं अक्षर तिने बराच वेळ पाहिलं. मग जरा हसली आणि दार लावून घेतलं.

१३ नोव्हेंबर
चष्म्याचा स्क्रू. माझे केस. अंगठ्याचं नख. नख मी कापलेलं नव्हतं. रक्त नाही, जखम नाही, नखाच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. ‘टेबलाखाली सापडलं.’ चिठ्ठ्या जाळल्या. जेवून येतो तो पुन्हा जागच्या जागी.

१४ नोव्हेंबर
बॅग भरली. जिन्याकडे वळलो आणि कोसळलो. उजवा गुडघा पिशवीसारखा लोळागोळा. वाटी मधल्या कप्प्यात आहे, घासूनपुसून, कडेने तांब्याची तार गुंफलेली. काम सुरेख आहे. मेल्यावरही माझ्यापेक्षा —

१५ नोव्हेंबर
समितीला सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं. ते निनावी पत्र माझं, पेटी तिची. खाली सही केली. पाकीट खिडकीतून रस्त्यावर टाकलं, कुणीतरी उचलून टपालपेटीत घालेल म्हणून. तासाभराने पाकीट कप्प्यात. ‘रस्त्यात सापडलं. फार उशिरा.’

१६ नोव्हेंबर
कुणी ‘माझं आहे’ म्हटलं की ती परत देते. स्वतःची शिस्त ती मोडणार नाही. म्हातारीला फोन केला, हा माझा आहे एवढंच म्हणा म्हणून रडलो. म्हणाली, माझी एकच होती. मग दादाला केला, सात वर्षांनी. त्याच्याही साहेबाला मी एकदा तसलंच पत्र टाकलं होतं आणि त्याला ते कळलं होतं. तरी उद्या येतो म्हणाला. काय म्हणायचं ते त्याला सांगितलं नाही. लाज वाटली. समोर आला की सांगेन.

१७ नोव्हेंबर
जीभ नाही. दहाव्या कप्प्यात —

दादा आलाय. खाली बोलणं ऐकू येतंय. हाक मारता येत नाही. टेबलावर मूठ आपटतोय, आवाजच होत नाही —

थेरडी सांगतेय, तुमचा भाऊ काल रात्रीच खोली सोडून गेला. खोटं! सामान उरलंय म्हणते. विचारतेय, वर जे काही आहे त्यातलं तुमचं काही आहे का —

म्हण. दादा, म्हण रे —

म्हणाला, नाही हो. त्याचं काहीच नको आम्हाला.

पायऱ्या उतरला. फाटक वाजलं.

मनगटाला दोरा आवळतोय. चिठ्ठीवर तिचं अक्षर उमटतंय — जागा — तारीख — मालक —