पऱ्हाटीच्या पानातला खिसा

प्रिय प्रमोद,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसले की रागच यायचा. आज अल्लीपूरच्या शेतात कापसाची वेचणी लागली. तिथून पिपरीला परत आले, हातपाय धुतले आणि सरळ टेबलाशी बसले. पावसाळ्यात तुमच्या शेतात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय आता राहवत नाही. दुसऱ्या कुणाला सांगू? निम्मं तर तुलाच कळेल असं आहे.

तुझा भाऊ त्या दिवशी फवारणीचा पंप पाठीला लावून शेजारच्या सोमाजीकाकांच्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत शिरणार होता. पंपात तणनाशक होतं. विश्वास बसतो तुझा? आपल्या विलासचं सांगते आहे मी!

मी कॉलेजला निघत होते तेव्हा सुनीताचा फोन आला. तुझी भावजय कधी घाबरून बोलत नाही, तुला माहीत आहे. "ताई, लवकर या. हे कोणाचंच आयकून नाई राह्यले. आज काहीतरी करून बसतीन." मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मी स्कूटी काढली. सबंध रस्ताभर वाटत होतं, आपण पोचायच्या आत ते होऊन जाणार.

झालं होतं असं. आपल्या पऱ्हाटीची पानं बदलली होती. रुंद, पंजासारखी पानं जाऊन भेंडीच्या पानांसारखी अरुंद, चिरलेली पानं आली होती. शेंडे मुरडलेले, देठ वाकडे. विलासभाऊजींनी जन्मात असं पाहिलं नव्हतं. त्याच सुमाराला सोमाजी मडावींनी दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचं गाजरगवत मारायला औषध फवारलं होतं. संशय यायला एवढं पुरलं. ज्या माणसाचे आणि तुझ्या वडिलांचे बैल एका गोठ्यात बांधलेले असायचे, त्या माणसावर!

मी पोचले तेव्हा धुऱ्यावर गावातली बरीच माणसं उभी होती. कुणीतरी काकांचं आदिवासीपण काढलं, "जंगलातले लोक हायेत बाप्पा, यायले सगळ्या जडीबुट्या मालूम रायते." सोमाजीकाका मान खाली घालून उभे होते. काकू त्यांच्या पुढे येऊन म्हणत होत्या, "आमी काऊन करू असं? आमचीबी पराटीच हाये ना इथं!"

"वहिनी, तुमी मधात पडू नका," विलासभाऊजी म्हणाले. डोळे लाल. "यानं माही पराटी जाळली. आता मी याची जाळतो. हिशोब बरोबर."

मी त्यांच्या हातातली फवाऱ्याची नळी धरली. मी बारावीच्या पोरांपुढे बोलणारी बाई. रागानं ताठ झालेल्या माणसापुढे काय बोलायचं ते कुठे शिकले होते?

"एकदा पाहू द्या मला. फक्त पाहू द्या. मग करा काय करायचं ते."

मी आपल्या शेतात शिरले. पानं पाहताच ओळखलं, हे ऑक्सिनसारखं काम करणारं तणनाशक. ओळखणार नाही कशी? किती वर्षं तू त्याचंच संशोधन घेऊन बसला होतास! लग्नाआधी कॉलेजात आपलं पहिलं भांडण त्याच्यावरूनच झालं होतं. ऑक्सिन हे झाडाचं वाढीचं संप्रेरक शिकवताना मी फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढली होती, आणि तू दारातून म्हणाला होतास, "मॅडम, किल्ली कुलूप उघडते आणि बाहेर येते. ऑक्सिन तसं करत नाही. ते गोंदासारखं आहे." अनोळखी माणसानं वर्गासमोर असं बोलावं! आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही.

पण पानं ओळखून भागणार नव्हतं. औषध तणनाशकच, हे तर सोमाजीकाकांच्या विरुद्धच जाणार होतं. मी आणखी आत गेले. धुऱ्याच्या कडेची झाडं पाहिली आणि थबकले. ती चांगली होती! वाऱ्यानं उडून आलं असतं तर आधी त्यांनाच लागायला हवं होतं. सगळ्यांत वाईट हाल विहिरीकडच्या ओळींचे होते. तिथून धुऱ्याकडे यावं तसं मुरडणं कमी होत गेलं होतं. सगळ्या गावाचे डोळे सोमाजीकाकांवर होते, त्या ओळींकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मी परत आले. "भाऊजी, या पऱ्हाटीवर मावा-तुडतुड्यांचं औषध कोणत्या पंपानं मारलं?"

"याच. दुसरा कुठं हाये?"

"सुरुवात कुठून केली?"

"इहिरीपासून. पाणी तिथंच हाये ना."

"त्याच्या आधी या पंपात काय होतं?"

ते मान झटकून म्हणाले, "पांदण रस्त्यावरचं गवत मारलं होतं. पण मी धुतला पंप! चांगला धुतला!"

भाऊजी वळले, नळी माझ्या हातातून हिसकली आणि सोमाजीकाकांच्या पहिल्या ओळीत पाऊल टाकलं. "म्हंजे मीच मारली का माही पराटी? घरचीच माणसं आता असं बोलतीन?"

तेव्हा सुनीता बोलली. चार लोकांत नवऱ्याविरुद्ध तोंड न उघडणारी सुनीता. "एकच बकेट पाणी होतं त्या दिवशी. लाइन नव्हती, मोटर बंद होती. मीच आणून देलं. एकाच बकेटीत खंगाळला तुमी."

भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हात उठतो. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. काकूही आल्या.

मग भाऊजींनी खांद्यावरचे पट्टे काढले. पंप जमिनीवर ठेवला आणि धुऱ्यावर बसले. "समजावून सांगा मले," ते म्हणाले. "थोड्याशा औषधानं एवढं कसं होते?"

मी सांगितलं. जसं जमेल तसं सांगितलं. की झाडाच्या प्रत्येक पेशीत एक प्रथिन असतं आणि त्याला एक इवलासा खिसा असतो. झाडाचं स्वतःचं वाढीचं संप्रेरक त्या खिशात जाऊन बसतं. ते बसलं की वाढ रोखून धरणारं दुसरं एक प्रथिन तिथे येऊन चिकटतं आणि पेशी त्याचा नायनाट करते. रोखणारं गेलं, वाढ सुरू. काम झालं की झाड आपलं संप्रेरक मोडून टाकतं आणि वाढ आवरती घेतं. हे तणनाशकही त्याच खिशात बसतं, कारण त्याची घडणच तशी आहे. पण कपाशीला ते लवकर मोडता येत नाही. मग वाढीचा हुकूम सुटतच राहतो, नको तिथे, नको तेवढा. म्हणून पानं अशी होतात. साबण-सोडा घालून पंप पुन्हापुन्हा धुतला नाही तर तळाशी राहिलेलं थोडंसंही पुरतं.

भाऊजींनी मातीचं ढेकूळ बोटांत चुरलं. मग म्हणाले, "दादा हेच करून राह्यला होता ना जिंदगीभर?"

"हो."

"मी एकदा इचारलं होतं त्याले. हसला अन् म्हणे, तुले नाई समजत."

प्रमोद, का रे असं म्हणालास? एवढ्या साध्या गोष्टीसाठी तुला तुझ्या भावाजवळ बसता आलं नाही? परदेशातल्या माणसांना तू रात्र रात्र समजावून सांगायचास. त्या दिवसापासून माझा तुझ्यावरचा राग आणखी वाढला. आजही तो राग पुरता गेलेला नाही.

पुढचं सोपं नव्हतं. भाऊजी उभं पीक वखरून मोडायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा, नवी पानं चांगली येतील. म्हटलं खरं, पण मला तरी कुठे खात्री होती? नंतर आलेली पानंही वाकडीच आली. भाऊजी माझ्याशी बोलेनात, सुनीताशी तर नाहीच. ती काही दिवस आर्वीला माहेरी जाऊन राहिली. मी प्रत्येक रविवारी जाऊन शेंडे पाहायची आणि मान खाली घालून परत यायची. माझ्या शब्दावर त्या माणसानं सबंध हंगाम ठेवला होता!

मग एका रविवारी शेंड्याला रुंद पान दिसलं. लहानसं, पण सरळ. मी भाऊजींना हाक मारली. त्यांनी पानाला बोट लावलं, काही न बोलता धुरा ओलांडला आणि सोमाजीकाकांच्या घराकडे चालू लागले. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "रडला वो तो. लहान पोरासारखा." दुसऱ्या दिवशी ते स्वतः आर्वीला गेले आणि सुनीताला घेऊन आले.

विहिरीकडच्या ओळींनी यंदा काही दिलं नाही. बाकीच्यांनी थोडं दिलं. सोमाजीकाकांच्या घरच्या बायाही आज आपल्या शेतात वेचणीला होत्या.

आणि दुपारी डबा खाताना भाऊजींनी मला विचारलं, "वहिनी, माणसाच्या आंगातबी असे खिसे रायते का?"

म्हटलं, राहतात. पुष्कळ.

"मंग दादाची ती गोळी... तीबी अशाच खिशात बसत होती का?"

माझा घास हातातच राहिला. त्यांना तर आपण छातीत पाणी झालं एवढंच सांगितलं होतं. फुप्फुसातल्या कॅन्सरच्या गाठीबद्दल सांगू नको, तो घाबरेल, असं तू मला बजावलं होतंस. गोळी आधी नीट बसत होती, मग गाठीतल्या त्या खिशाचाच आकार बदलला आणि ती बसेनाशी झाली, हे तू मला दवाखान्यात किती शांतपणे सांगितलंस! आणि सख्ख्या भावाला कळलं ते फक्त शेवटी, तेही छातीतल्या पाण्यापुरतं.

मी तुला वचन देते. हे तुझ्या मनाविरुद्ध आहे हे जाणूनच देते. उद्या सकाळी मी पुन्हा अल्लीपूरला जाईन, विलासभाऊजींना धुऱ्यावर बसवीन आणि तुझ्या आजाराचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगेन. काही लपवणार नाही. ते रडतील, चिडतील, कदाचित माझ्यावरही. चालेल. तुझा भाऊ आहे तो, प्रमोद. तू कशानं गेलास हे कळण्याचा त्याचा हक्क आहे.

तुझीच,
अर्चना