माझ्या मडक्यातला चिंचोका

३० डिसेंबर २०२४, सकाळ
नव्या वर्षाचे संकल्प दोन दिवस आधीच सुरू. सुपारी बंद. कृष्णाचं चित्र पूर्ण. कुणाबद्दलही वाईट लिहायचं नाही.
तसं ही वही देवनागरीत, त्यामुळे तंजावूरच्या आमच्या घरात धोका नाही. बायको भामा मराठी बोलते, पण वाचते तमिळ. चिरंजीव श्रीकरला मराठी समजते, आणि उत्तर इंग्लिशमध्ये येतं. म्हणजे इथे मनातलं खरं लिहिता येतं.
मोठी बातमी: तिरुवैयारूच्या पलीकडे कीळमंगलम गावात पोंगलला चित्रांचं एक्झिबिशन. गावचे आणि आसपासचे सगळे आर्टिस्ट. जज्ज वगैरे कुणी नाही. प्रत्येक चित्रापुढे एक मडकं, तोंडाला फडकं, फडक्याला भोक. येणाऱ्या प्रत्येकाला दारात कुंकू लावलेला एक चिंचोका मिळणार, तो आवडेल त्या चित्राच्या मडक्यात टाकायचा. ज्याचे चिंचोके जास्त, त्याचं चित्र पंचायतीच्या हॉलमध्ये कायमचं लागणार. खाली नावाची पितळी पाटी.
तीस वर्षं चित्रं काढतोय. घराबाहेर आजवर एकच लागलंय, मेहुणीच्या कोठीत. तेही भिंतीकडे तोंड करून. वर्खाचं सोनं उतरू नये म्हणून, असं ती म्हणते.
पाटीचा मजकूर तयार केला. तीन भाषांत. भामा म्हणाली, आधी चित्र तर वाळू दे.

३ जानेवारी
सुपारी फक्त जेवणानंतर.
कृष्णाला सोन्याचा वर्ख लावून झाला. लोण्याचा गोळा उत्तम. गाल तर अप्रतिम. भामानं विचारलं, दाढ काढलीय का त्याची. तंजावूर शैलीतला बाळकृष्ण गुबगुबीतच असतो, हे तिला चाळीस वर्षं इथे राहून माहीत नाही!

५ जानेवारी, रविवार
सांबशिव आला. हा माझा शाळेपासूनचा मित्र, पलीकडच्या गल्लीतला. महालक्ष्मीवहिनी गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ब्रशला हात लावला नव्हता. मीच मागे लागून त्याला एक्झिबिशनला तयार केलं. हे माझं मोठं मन.
त्यानं फळी फडक्यात गुंडाळून आणली होती. चित्र काय, तर वहिनी ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडताहेत. सोनं नाही, खडे नाहीत, साधे पोस्टर कलर. फडकं काढलं आणि मी सवयीनं बाकावरचे पाय खाली घेतले. वहिनींना बाकावर पाय चालत नसत.
मी म्हणालो, बरं आहे, नाक जरा लांब झालंय.
तो बराच वेळ नाकाकडे बघत बसला. भामा आतून कॉफी घेऊन आली, चित्र बघून आत गेली आणि पदरानं डोळे पुसत होती. माझ्या कृष्णापुढे ती एकदाही रडलेली नाही. असो. कांदा चिरत असेल.

६ जानेवारी
काल झोप नीट नाही. चित्रात सोनं नसेल तर ते तंजावूरचं कसं?

१२ जानेवारी
सांबशिवशी करार केला. कल्पना माझी. त्यानं त्याचा चिंचोका माझ्या मडक्यात टाकायचा, मी माझा त्याच्या. दोघांनाही शून्याची नामुष्की नको. हातावर हात मारला. तो हसला, म्हणाला, अरे रघू, मी कराराशिवायही तुलाच टाकणार होतो रे.
माझा हिशेब: भामा, श्रीकर, सांबशिव ही घरची मतं. उरलेलं गाव, कारण सोनं गावाला कळतं.

१६ जानेवारी, काणुम पोंगल (सणाचा शेवटचा दिवस), दुपारी १
पंचायतीच्या हॉलच्या मागे लिहितोय. गर्दी भरपूर. मुलं, म्हातारे, पोंगलच्या नव्या साड्या, उसाची चिपाडं. माझ्या शेजारी सांबशिवचं चित्र, पलीकडे गणेशकुमारचं. हा गावातला बोर्ड रंगवणारा. त्यानं काय काढलंय, तर तलैवरांचा गेल्या वर्षी मेलेला बैल! तलैवर म्हणजे पंचायतीचे अध्यक्ष. अंगावर एनॅमल पेंट, शिंगं निळी. लोक त्या बैलाला हात जोडताहेत. एका म्हातारीनं त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. मला हसू आवरेना.
माझ्या कृष्णापुढे एक शेतकरी थांबला. म्हणाला, पोराला गालगुंड झालंय, चुना लावा. खेडवळ विनोद.

त्याच दिवशी, ३
मत टाकलं. लिहिताना जरा विचार करावा लागतोय. सांबशिवच्या मडक्यापर्यंत गेलो होतो. पण मत ही पवित्र गोष्ट आहे, ती गुणवत्तेलाच द्यावी. गुणवत्ता माझ्याकडे असली तर तो माझा दोष नाही. शिवाय वहिनींचं चित्र बघून निम्म्या बायका थांबत होत्या, त्याला मतांना काय तोटा! खिशातून काढलं आणि गर्दीत पटकन माझ्या मडक्यात टाकलं. कुणी पाहिलं नाही.

त्याच दिवशी, रात्र
विश्वासघात.
तलैवरांनी सगळ्यांसमोर मडकी पालथी केली. बैलाचं मडकं दोघांना उचलावं लागलं. सांबशिवच्या मडक्यातून काहीच नाही. माझ्यातून एक चिंचोका आणि एक सुपारीचं खांड. तलैवर म्हणाले, ह्यांना कुणीतरी विडा खायला बोलावलंय. हॉल हसला. भामा हसली! पदराआड, पण खांदे दिसतात.
एक चिंचोका. तो माझाच. म्हणजे सांबशिवनं शब्द मोडला. पन्नास वर्षांची मैत्री, वर सुपारी टाकून अपमान! पाठीत सुरा.
परतीच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसला. मी उठून ड्रायव्हरच्या मागे उभा राहिलो. तंजावूरपर्यंत.

१७ जानेवारी
घरातल्या फितुरांची चौकशी. भामानं बैलाला टाकला. का, तर म्हणे, तुमचा कृष्ण सहा महिने रोज बघूलें, बैल कालच बघितला. आणि तुम्हाला बाकी अस्की, सगळं गाव, टाकतील ना. श्रीकरनं एका शाळकरी मुलीच्या चित्राला टाकला, कारण ती रडत होती. त्यालाही वाटलं, अप्पांना काय, आई टाकेलच.
ह्या दोघांना माफ करता येईल, त्यांनी शब्द दिला नव्हता. सांबशिवनं दिला होता.

१८ जानेवारी
सांबशिवचा इडलीचा डबा आपल्याकडे होता. श्रीकरच्या हाती रिकामाच परत पाठवला. आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत. कळू दे.
देवळात दोघांना सांगितलं की माणसं ओळखावीत. नाव घेतलं नाही. राव आडनाव आणि पलीकडची गल्ली एवढंच सांगितलं.

२० जानेवारी
सांबशिव बाजारात समोरून आला. मी औषधाच्या दुकानात शिरलो. काहीच नको होतं, एरंडेल घेतलं. तो बाहेर उभा राहून थोडा वेळ वाट बघत होता. अपराध्याचा चेहरा होता. असा चेहरा मी लगेच ओळखतो.

२१ जानेवारी
भामा कपडे धुताना ओरडली. पोंगलच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा लाल झालाय. कुंकू. खिशात चिंचोका.
मी म्हणालो, कुणाचा असेल. ती म्हणाली, शर्ट कुणाचा?
त्याच खिशात मी सुपारी ठेवतो. (जेवणानंतरची.)
दुपारभर हिशेब केला. मडक्यात मी टाकली ती सुपारी. मग जो एक चिंचोका निघाला तो मी टाकलेला नाही. भामाचा बैलाला, श्रीकरचा त्या मुलीला. कीळमंगलममध्ये मला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.
जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी
आज जाऊन सगळं सांगणार होतो. निघायला उशीर झाला आणि राहुकाळ लागला.

२३ जानेवारी
स्कूटरमध्ये हवा कमी. चालत पाच मिनिटं आहे, पण ऊन होतं.

२५ जानेवारी
भामाला अर्धं सांगितलं. म्हणजे सुपारीचं सांगितलं, कराराचं नाही. ती म्हणाली, तुमची सुपारी सुटली नाही हे मला माहीत होतं.
उद्या नक्की. चिंचोका त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, हा तुझा होता.

२६ जानेवारी, संध्याकाळ
गेलो. भामानं केसरी, म्हणजे केशरी रव्याचा शिरा, करून डबा भरून दिला होता.
सांबशिवनं दारातच मिठी मारली. मला बोलूच देईना. म्हणाला, रघू, तू तोंड चुकवत होतास ते मला कळत होतं. अरे, त्यात लाजायचं काय? उलट तुझे उपकार झाले. बाकीच्यांनी बैलाला टाकलं, ठीक, त्यांनी बैल पाहिला होता. पण तू तिला तीस वर्षं पाहिलंस, तिच्या हातचं जेवलास. तू शब्द दिला होतास, आणि तरी तुझा हात झाला नाही, म्हणजे ती त्या चित्रात उतरलीच नव्हती. मला रोज वाटायचं उतरलीय. दुसऱ्या कुणी तोंडदेखलं टाकलं असतं. तू खोटं वागला नाहीस.
मी विचारलं, चित्र कुठे आहे.
म्हणाला, आल्यावरच ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. फळी चांगली फणसाची आहे, तुला हवी तर ने. आता मी काही काढणार नाही. तिचा चेहरा हल्ली नीट आठवतही नाही, तुझ्यामुळे हे निदान कळलं तरी.
मला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर चित्र परत आलं नसतं, आणि मीही त्याच्या मनातून उतरलो असतो. मी केसरीचा डबा पुढे केला. त्यानं खाल्ली, भामाची तारीफ केली. फळी माझ्या हातात दिली.
लाज वाटते. हे इथे लिहितोय, कारण इथे कुणी वाचत नाही.

त्याच दिवशी, रात्र
फोन काढला. वाटलं, एक्झिबिशनचे पुष्कळ फोटो आहेत, त्यात चित्र सापडेल. प्रिंट काढून त्याला देईन, बाकीचं मग आपोआप सांगितलं जाईल. सगळे फोटो बघितले, शेवटून पहिल्यापर्यंत, मग पुन्हा. सगळे माझ्या कृष्णाचे. समोरून, डावीकडून, उजवीकडून, एकात मी शेजारी उभा.
एका फोटोत कडेला वहिनींचं कोपर आलंय, आणि थोडं सूप.