प्रितमसाठी सोडलेल्या गोष्टी

५ जानेवारी, रविवार
विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे नवस बोललो. भाचा प्रितम, वय एकोणीस, नॉर्वेत प्रोफेशनल फुटबॉल खेळतो. त्याची आई म्हणजे आमची संगिता, इथली चिखल्याची, वडील तिकडचे. कुठल्या देशाकडून खेळायचं ते त्याने ठरवायचंय. भारताकडून खेळावं. तोवर मी चहा सोडला. गावच्या टीमचा कॅप्टन उमेश आणि त्याची पोरं, सगळ्यांसमोर मैदानावर जाहीर केलं. टाळ्या मिळाल्या. मुळात फुटबॉल त्याला मीच शिकवला. पाच वर्षांचा होता, सुट्टीत आलेला. आमच्या चिकूच्या वाडीत, कच्च्या चिकूचा बॉल करून.

६ जानेवारी, सकाळी
डोकं फुटतंय. बायको, पुष्पा, विचारते, देवीने मागितला होता का हो चहा?

६ जानेवारी, दुपारी
चहा घेतला. आजाऱ्याला नवसात सूट असते. असावी. त्याऐवजी चिकू सोडले. वाडीवाल्याने चिकू सोडायचे, म्हणजे त्याग वाढलाच.

१९ जानेवारी
संगिताचा फोन. भारताकडून खेळायचं तर प्रितमला नॉर्वेचा पासपोर्ट सोडावा लागेल. मग तिकडे स्वतःच्याच गावात राहायला परवानगी मागायची. मी म्हणालो, त्यात काय एवढं? मीही इथे सोडतोच आहे. फोन कट झाला. नेटवर्क गेलं असावं.

२ फेब्रुवारी
व्यापाऱ्याला गोडी दाखवायला एक चिकू कापावा लागला. उरलेला अर्धा टाकणं पाप. मग आणखी दोन कापले, खात्रीसाठी. पुष्पाने पाहिलं. नवऱ्याचं पोटात ठेवेल तर ती पुष्पा कसली! संध्याकाळी उमेश म्हणतो, काका, झेपत नसेल तर कारलं सोडा ना. पोरं खिदळली. सूचना मात्र वाईट नाही. कारलं मी तसंही खात नाही, पण भावना महत्त्वाची. सोडलं.

१६ फेब्रुवारी
प्रितमचा व्हिडिओ कॉल. तिरंगा, माती, आईचं दूध, सगळ्यावर अर्धा तास बोललो. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, मामा, मी आठ वर्षांचा असल्यापासून याच मुलांबरोबर खेळतोय. बाबा बर्फातून गाडी काढून मला प्रॅक्टिसला न्यायचे. हे सगळं सोडायचं कसं? तुम्ही सांगा, तुम्हाला सवय आहे.
चेष्टा नव्हती. संगिताने त्याला सांगितलंय, मामा तुझ्यासाठी कडक व्रत करतोय.
म्हणालो, हळूहळू जमतं.
रात्री देवापुढे बसलो. मागणं काही आठवेना. नुसता बसलो.

२० मार्च, सकाळी
प्रितम नॉर्वेच्या संघात. संगिता सांगत होती, नाव आल्यावर पोराने पहिलं हेच विचारलं, मामा रागावेल का? ती म्हणे हसली. म्हणाली, दादाचा राग? संध्याकाळपर्यंत टिकला तर मला सांग.
हे मला लागलं. सख्खी बहीण!
ठरलं. महिनाभर प्रितमशी बोलणं बंद. सोडणं आपल्याला जमलं नाही, मान्य. धरून ठेवणं जमेल. पुष्पालाही बजावलं. ती बरं म्हणाली आणि तिने कॅलेंडरकडे न बघता घड्याळाकडे बघितलं.

२० मार्च, दुपारी
प्रितमला मेसेज केला. नॉर्वेची जर्सी पाठव. मला डबल एक्सएल. उमेशच्या पोरांची मापं घेऊन उद्या कळवतो.