खाटेवर माझे नाव नको

मंगळवार, दिनांक ४ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, दारव्हा येथील माझ्या राहत्या घराच्या ओसरीत, मी मेलेली असल्याचे मला समजले.

ते खरे नाही. पण १९ तारखेला नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, त्यामुळे ते खरे होणारच नाही असेही कोणी सांगत नाही. म्हणून मी, सत्यशीला बाबाराव खोब्रागडे, वय ६९ वर्षे, निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या जिभेवरून ज्यांना शंका येते त्यांनी तो वाचावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण ती माझी स्वतःची आहे.

१. माझे दिनांक ३ जून २०२३ चे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घराची पुढची खोली व तिच्यातले रुग्णांचे साहित्य माझ्या पश्चात गावातल्या ओलावा या समाजसेवी मंडळाला, म्हणजे त्याचा अध्यक्ष सुनील याला, दिले होते. चूक माझी. त्याने त्या वर्षी पंधरा दिवस रोज येऊन खुर्च्या पुसल्या होत्या. मी पुसणारा हात पाहिला, मागे उभा असलेला फोटोवाला पाहिला नाही.

२. साहित्य पुढीलप्रमाणे: पाठ वर करता येणाऱ्या लोखंडी खाटा चार, चाकाच्या खुर्च्या तीन, वॉकर पाच, हवेच्या गाद्या दोन, कमोडच्या खुर्च्या तीन. एकूण सतरा. पहिली खाट माझे पती बाबाराव यांच्यासाठी घेतली होती. ते गेल्यावर आठ दिवसांत शेजारच्यांनी मागितली आणि तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षे, हे चालू आहे. ज्याला लागेल त्याने दार वाजवावे, न्यावे, गरज संपली की आणून द्यावे. अनामत नाही, फोटो नाही, कशावरही कोणाचे नाव नाही.

नाव का नाही, हे सुनीलने मला कितीदा तरी विचारले. आपण माणसे लग्नात आलेल्या वाटीवरही नाव कोरून घेतो, तेव्हा त्याला नवल वाटणे साहजिक आहे. आज सांगते. माझे वडील छोट्या रेल्वेत गँगमन होते. यवतमाळच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला फी न घेता शाळेत घेतले आणि गणवेशही दिला. त्या फ्रॉकच्या कॉलरला आतून दुसऱ्या मुलीचे नाव शिवलेले होते. ती मुलगी माझ्याच बाकावर बसायची. सिस्टरांचे उपकार मी मानते; इंग्रजी, नीटनेटके अक्षर आणि खरे बोलायची खोड त्यांचीच. पण तो फ्रॉक मी दोन वर्षे कॉलर धरून घातला.

३. आता घडले ते. तपासण्यांसाठी मी दोन दिवस यवतमाळला होते. तेवढ्यात सुनीलने पेंटर फकिराला, खोलीत आणि साहित्य जिथे जिथे गेले आहे त्या घरोघरी, पाठवले. प्रत्येक वस्तूवर लाल रंगात ‘कालकथित सत्यशीला खोब्रागडे यांच्या स्मरणार्थ’ असे लिहून घेतले. कालकथित हा शब्द आमच्या समाजात मेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात. खाली मंडळाचे नाव, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

मी परत आले तेव्हा मेकॅनिक कलीम ओसरीत हातगाडीवरून खाट उतरवत होता. त्याची आई खातूनबी अर्धांगाने सहा महिने त्याच खाटेवर आहे. मला पाहून त्याच्या हातून खाटेचा पाय सुटला.

“सिस्टरबाई, तुम्ही?”

“मीच. तुला कोण पाहिजे होतं?”

“खाटेवर लेहेल हाय ना... मले वाटलं तुम्ही गेल्या. अमानत हाय, मय्यत उठाच्या आधी वापस कराव लागते.”

“आणि अम्मी कुठे आहे?”

“खाली निजवली. काल संध्याकाळपासून.”

मी चौतीस वर्षे परिचारिका होते. खाट परत हातगाडीवर चढवायला लावली आणि तशीच त्याच्या घरी गेले. खातूनबीच्या कमरेवर भरत आलेली जखम पुन्हा उघडली होती. कलीमने तिथल्या तिथे पॉलिश पेपरने माझे नाव घासून काढले आणि आम्ही तिला वर घेतले.

सुनीलला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, “बाई, डॉक्टरच म्हन्ते काही सांगता येत नाही. फकिराले आताच टाइम होता, पुन्हा पुन्हा कायले बोलवाव? अन् नाव तं तुमचंच हाय ना!”

मग त्याने खिशातून पत्रिका काढली. रविवार, ३० नोव्हेंबरला लोकार्पण सोहळा. सतराही वस्तू मांडवात रांगेने मांडायच्या. त्यांतल्या नऊ वस्तूंवर आज माणसे आहेत, हे मी सांगितले. “एका दिवसाचं तं काम हाय,” म्हणाला.

खातूनबीचीही एकच रात्र होती.

मंगळवारपासून आज रविवारपर्यंत साहित्य मागायला माझ्या दाराची कडी कोणी वाजवलेली नाही. गावाने मला मेलेली धरले आहे. कोणाकडे म्हातारे माणूस फरशीवर पडले असेल आणि घरचे म्हणत असतील, आता बाई नाही, मागायचे कोणाला? झोप त्याने लागत नाही, झडपेने नव्हे.

४. माझ्या पश्चात पुढची खोली व सतराही वस्तू यांचा विश्वस्त कलीम राहील. ज्याने आपल्या आईखालून खाट काढून परत आणली, त्याच्याकडे ती सुरक्षित आहे. तो “मी पाना-पक्कडवाला मानूस, मले जमन का?” म्हणाला. जमेल. खुर्च्यांची चाके अकरा वर्षे त्यानेच नीट केली आहेत. जुनी किल्ली सुनीलकडेही होती, म्हणून कुलूप बदलले आहे. किल्ली आजपासून त्याच्याकडे. यावर सुनील म्हणाला, “कलीमले? लोक काय म्हन्तीन?” कोणते लोक, त्यांची नावे मी मागितली. अजून आलेली नाहीत.

५. बाकीचे घर, बँकेतील ठेव, शिलाई मशीन आणि माझे नाडी मोजायचे घड्याळ माझ्या बहिणीची मुलगी शीला हिला. ठेवीच्या व्याजातून तिने गाद्यांचे पंप दुरुस्त करून द्यावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील. मला चहा फार गोड करून देते, एवढीच तिच्याविरुद्ध तक्रार आहे.

६. मंडळाच्या सत्कारांत मिळालेल्या अकरा शाली सुनीलला परत. त्या अंगाला टोचतात.

७. फकिराला टर्पेंटाइनचा एक डबा. त्याच्यावर राग नाही, त्याला सांगितले ते त्याने केले. अक्षर चांगले आहे.

८. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील व्हावे. शोकसभा घेतलीच तर सुनीलने बोलू नये.

स्थळ: दारव्हा, जि. यवतमाळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: सत्यशीला बाबाराव खोब्रागडे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले व ज्यांना मी सही करताना पाहिले:
(१) बाबूसिंग राठोड, निवृत्त ग्रामसेवक, दारव्हा. सही
(२) उकंडा मेश्राम, शिंपी, दारव्हा. सही

प्रत: सुनील, अध्यक्ष, ओलावा मंडळ, यास.

तू मंडळाच्या कागदावर लिहून द्यायचे: सतरा वस्तूंवर मंडळाचा हक्क नाही, ३० तारखेचा सोहळा रद्द, त्या दिवशी किंवा पुढे कधीही, कोणाच्या अंगाखालून काहीही उचलले जाणार नाही. आणि ज्या घरी फकिरा गेला त्या प्रत्येक घरी तू स्वतः जाऊन नाव पुसलेस व बाई जिवंत आहे असे सांगितलेस, त्याखाली घरच्यांच्या सह्या. “पाहू”, “करू”, “बाई, टेन्शन नका घेऊ” ही उत्तरे नाहीत.

लेखी उत्तर सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पाहिजे. मंगळवारी सकाळी मी नागपूरला निघते. तिथे चष्मा काढून ठेवतात. मग मला वाचता येणार नाही.