दोन कुलपांचा दरवाजा

मी, कुंदाबाई जीवराम भंगाळे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार पहूर, तालुका जामनेर, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला दोन्ही चिरंजीव येऊन गेले. चहा पाजून परत पाठवले.

कलम १. राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. ते माझी मुले नवीन व तेजस यांना निम्मे-निम्मे. मधली भिंत त्यांनी आधीच घातली आहे. ग्रामपंचायतीला दोघे समोरासमोरच्या पॅनलमधून उभे राहिले, तेव्हापासून. पुढचा दरवाजा आणि ओटा मात्र वाटता येईना, कारण गाव येऊन बसते ते ओट्यावर. मग एकाने दरवाजाला कुलूप लावले, तर दुसऱ्याने त्याच्याखाली आपले लावले. आता दोघे मिळून आल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून ते उघडतच नाही. दोघांनी बाजूला आपापली दारे काढली. मी मागच्या दाराने, गोठ्यातून ये-जा करते. शेजारच्या वच्छलाबाई विचारतात, "अक्का, घरात दोन-दोन राजे, अन् तू शेणातून काहून फिरते व?"

काय सांगू त्यांना? तीस वर्षे वर्गात हेच शिकवले. गादीसाठी कोणी भावाचे डोळे काढले, कोणी बापाला कोंडले. मुलांनी सन पाठ केले, मी गुण दिले. तोफांपेक्षा आतल्या भांडणांनी राज्ये जास्त बुडाली, हे फळ्यावर लिहून लिहून हात दुखला. माझे दोन्ही चिरंजीव त्याच वर्गात बसायचे. काय ऐकत होते देव जाणे! त्या राजांपुढे निदान राज्य तरी होते. यांच्यापुढे गटार आणि रस्त्यावरचे दिवे.

कलम २. बँकेतील ठेव व माझे दागिने सुना डिंपल व भूमिका यांना सारखे. या दोघी रोज भिंतीवरून भरताची वाटी देतात-घेतात. त्यांचा तह कधीच झाला आहे. राजांना कळवलेले नाही, एवढेच. लढायांचे कापडी नकाशेही त्यांनाच. पानिपतचा बराच मोठा आहे, फडताळात डब्यांखाली पसरावा.

कलम ३. माझ्या दहाव्याला पिंड ठेवू नये. ह्यांच्या वेळी दोघांनी दोन वेगळे पिंड ठेवले. कावळा नवीनच्या पिंडाला शिवला, तर तेजसची माणसे ओरडली, "कावळा फोडला यानं!" नदीकाठी हाणामारी होता होता राहिली. मला त्या दिवशी नवऱ्यासाठी धड रडतासुद्धा आले नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कलम ४. माझी तिरडी कोणाच्याही बाजूच्या दाराने नेऊ नये. गोठ्यातूनही नको, तिथून पुष्कळ फिरले. वास्तुशांतीला मी पुढच्या दाराने आत आले, तेव्हा नवीन कडेवर होता आणि तेजस पोटात. त्याच दाराने मला बाहेर न्यावे. कुलपे तोडू नयेत. किल्ल्या दोघांकडे एकेक आहेत; दोघांनी शेजारी उभे राहून उघडावे. तोपर्यंत मला उचलू नये. वच्छलाबाई दाराशी पाट टाकून बसतील.

वेळ लागला तरी चालेल. मला घाई नाही.

सही: कुंदाबाई जीवराम भंगाळे

साक्षीदार:
१. वच्छलाबाई रामदास पाटील, शेजारीण
२. अभिमन दगडू महाजन, निवृत्त पोस्टमन

स्थळ: पहूर, मागचे दार
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५