मागच्या चाकांचे पॅड

सुंडविका, ८ मे

प्रिय सुनिवाताई,

बर्गनचा पाऊस थांबला का, की नेहमीचंच? आमच्याकडे डोंगरावर अजून बर्फ आहे, पण खाली मेंढ्या व्यायल्या. आई ठणठणीत आहे. बाबांचा पाय थंडीत दुखतो, ते तुला सांगायला नको.

नऊ वर्षांत तुझ्या एकाही नाताळ-कार्डाला मी उत्तर दिलं नाही. आज लिहितोय ते आईमुळे. ‘सुनिवा माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला येणार नसेल तर मी तिच्याकडे जाते, आणि त्याच गाडीतून जाते,’ असं तिने जेवताना जाहीर करून टाकलं. बाबांचा हात ताटातच थांबला.

तीच गाडी. तू ती धक्क्याच्या उतारावर लावून खाली उतरलीस, बाबा मागे होडी बांधत होते, गाडी मागे घसरली आणि त्यांचा पाय भिंतीशी चिरडला. ‘मी हँडब्रेक ओढला होता,’ असं तू रडून सांगत होतीस. बाबा म्हणाले, ‘खोटारडी.’ तू परत आली नाहीस आणि गाडी बोटघरातून बाहेर आली नाही.

शनिवारी मी मागची चाकं काढली. ब्रेकचे पॅड गंजून चकतीला चिकटले होते, हातोडीने ठोकून सुटे केले. हँडब्रेकची तार चाकापाशी एका लिव्हरला येते, लिव्हर हलली की पॅड चकतीवर दाबले जातात; ती हलते का ते बघायचं होतं. आईला म्हटलं, ‘बस आत आणि ओढ.’

‘घट्ट लागला की!’ ती आतून ओरडली.

‘अजून ओढ.’

‘अरे, आता काय हात तोडू? लागलाय म्हटलं ना!’

मी चाकापाशी पालथा पडून बघत होतो. लिव्हर तसूभर हलली नव्हती. मी चकती हाताने फिरवली, ती गरगर फिरली. आई उतरली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे तिच्याही हाताला तो असाच घट्ट लागला असेल.’

मी म्हणालो, ‘नऊ वर्षांचा गंज आहे, आई.’

माझं ते बोलणं खरं नव्हतं. सुनिवाताई, लिव्हरवर हातोडीचे तीन घाव आहेत, आणि ते माझे आहेत. त्या वर्षी, अपघाताच्या आधी, ईस्टरला मागचे पॅड मीच बदलले होते. लिव्हर तेव्हाच अडकलेली होती. ठोकून बघितली, हलली नाही. म्हटलं, इथे हँडब्रेक लावतंच कोण, हिवाळ्यात गोठून बसतो, सगळे गाडी गिअरमध्ये ठेवतात. नवे पॅड घातले, चाक लावलं आणि कॉफी प्यायला गेलो. तू बर्गनची सवय घेऊन येशील, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेकवर विसंबशील, हे डोक्यातच आलं नाही. नंतर आलं. तेव्हा बाबा दवाखान्यात होते, सगळे तुझ्यावर ओरडत होते, आणि मी भ्यालो. एवढंच. त्याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

काल दोन्ही बाजूंचं सगळं नवं बसवलं. ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घेतलं. आज सकाळी गाडी त्याच उतारावर नेली, न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि जाऊन तिच्या मागे उभा राहिलो, भिंतीला पाठ लावून, जिथे बाबा उभे होते तिथेच. गाडी हलली नाही.

बाबांनी खिडकीतून बघितलं. काठी टेकत आले. ‘वेडा झालास का? बाजूला हो तिथून!’ मी हललो नाही. तिथूनच त्यांना सगळं सांगितलं, हातोडीच्या घावांसकट. शिवी देतील असं वाटलं, काठी मारली असती तरी चाललं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘तिला कळवलंस?’

आई २१ जूनला निघायचं म्हणते. मी येऊ नको म्हणालीस तर मी गाडी चालवणार नाही, दुसरं कुणी आणेल तिला. माफी मागतो, पण लगेच दे असं म्हणत नाही. पत्र बंद करणार तोच बाबांनी पेन मागितलं. खालची ओळ त्यांची आहे.

तुझा भित्रा भाऊ,
एलिफ

तू ब्रेक ओढला होतास. — बाबा